घाटात हॉर्न देणारं अस्वल

टीव्हीवरच्या कार्टूनच्या गाड्यांच्या खेळातसुद्धा वळणाआधी ब्रेक दाबणारा माणूस मी एकच पाहिला. ते माझे सासरे, आमचे मामाजी. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली, अपघात शून्य. खेळात बारा गाड्या असत आणि मामाजींचा नंबर बारावा.

अर्धांगाचा झटका आल्यावर आम्ही त्यांना बार्शीटाकळीहून अमरावतीला आमच्याकडे आणलं. डावा हात गेला होता. व्यायामाचा चेंडू ते दाबत नसत. "मी काय लिंबू पिळून राहिलो काय?" मग माझ्या मुलीने, मुक्ताने, तिच्या खेळाचं छोटं स्टिअरिंग त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते मात्र त्यांनी लगेच धरलं.

पडद्यावर बेडूक, ससा, कोंबडी अशी मंडळी. कोणी टबात बसलेलं, कोणी चाकं लावलेल्या बुटात. मामाजींनी अस्वल घेतलं, कारण त्याची गाडी सर्वांत जड. "गाडीले वजन पाहिजे. तो ससा त हवेनंच उडते." मागच्याला घसरवायला रस्त्यावर तेल सांडायची सोय होती, ती त्यांनी एकदाही वापरली नाही. घाटात प्रत्येक वळणावर हॉर्न. मुक्ताचा बेडूक आतून घुसला की ओरडत, "अबे बेडक्या, घाटात ओव्हरटेक करून राहिला! लायसन कोनं देल्लं तुले?"

"आबाजी, इथे हॉर्न कोणी ऐकत नाही!"

"म्हनूनच त सारे आपटून राहिले."

एक दिवस मला म्हणाले, "जवाईबापू, तीन फेऱ्या तीन मिनिटांत झाल्या, की मी माह्या घरी चाललो." त्या घरी ते एकटे राहत, स्वतःचा चहा स्वतः करत. मी रोजची वेळ वहीत लिहू लागलो. पहिल्या दिवशी पाच मिनिटं अकरा सेकंद. महिनाभर पाचच्या खाली काही येईना. मग अचानक तीन चाळीस, आणि आठवडाभरात तीन बारा. मीही हुरळलो. बायकोला म्हणालो, तिकडचं घर झाडून घ्यायला माणूस सांग.

त्या संध्याकाळी शर्यतीच्या मध्येच मामाजींनी उजव्या हाताने डावा हात उचलून बाजूला ठेवला, मग उजवाही काढून घेतला. अस्वल पुढचं वळण झोकात वळलं.

"मुक्ता, हे गाडी कोन चालवून राहिलं?"

ती रडायलाच लागली. अगदी लहान मुलांसाठी खेळात एक मदत असते. गाडी आपोआप पळते आणि रस्ता सोडत नाही. तिने ती गुपचूप चालू केली होती.

"एकतीस वर्षं चाक धरलं, बाई. मले समजत नाही काय? पयल्याच दिवशी समजलं. मलेच वाटलं, असू दे."

मदत बंद करून ते पुन्हा बसले. पहिल्याच वळणावर अस्वल तळ्यात. बाहेर आलं, पुन्हा तळ्यात. सात वेळा.

"लिहा, जवाईबापू."

मी लिहिलं, शर्यत अपूर्ण. त्या आठवड्याच्या वेळाही त्यांनी मला खोडायला लावल्या.

"आता घराले भाडेकरू पाहा. मास्तर असला त बरं."

महिन्याभरात भाडेकरू आला. मग मामाजींनीच मुक्ताला मदत चालू करायला सांगितलं. "तुले एकटीले करमत नाही." चाकावर नुसता हात ठेवून ते तिच्याशेजारी बसत. एका दुपारी अस्वल दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांत पोचलं, तेव्हा मामाजींना बसल्या जागी झोप लागली होती.