केरबानं दोनदा बंद केलेली भिंत

केरबा मिस्त्री कुणाच्याही घरी गेला की आधी बोटांनी भिंत वाजवून बघतो, मग चहा घेतो. आमच्याकडं पहिल्यांदा आला तेव्हा उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, हॉलच्या चारी भिंती वाजवल्या आणि म्हणाला, "वैनी, घर चांगलं हाय. आता सांगा, मोडायचं काय?"

मोडायचं काहीच नव्हतं. लांबलचक हॉलमध्ये भिंत घालून आत्तींसाठी खोली करायची होती. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, धोंडुबाई. गुडघ्यांच्या औषधासाठी त्या नेसरीहून आल्या होत्या. तिकडं त्या आणि त्यांची म्हैस, दोघीच; म्हैस सध्या शेजारणीकडं ठेवली होती. आम्हाला वाटत होतं, त्यांनी आता कोल्हापुरातच राहावं. पण त्यांनी एकच सांगितलं होतं, "माझ्या देवांस्नी जागा असंल तर ऱ्हाईन. न्हायतर आपली नेसरी बरी."

देव त्यांनी पिशवीतून सोबत आणले होते. त्यांचा सागवानी देव्हाराही ह्यांनी मागाहून आणून ठेवला होता.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. विटांची भिंत जड होईल असं हे म्हणाले, म्हणून जिप्समच्या बोर्डाची ठरवली. आमच्या भजनी मंडळातल्या बाळाबाईंनी केरबाचं नाव सांगितलं.

हा गडमुडशिंगीचा माणूस. पंधरा वर्षं गवंड्याच्या हाताखाली विटा वाहिल्या आणि पाठ गेली. डॉक्टरांनी ओझं उचलायला बंदी केली. मग चाळिशीला आल्यावर पुण्याला मेव्हण्याकडं राहून बोर्डाचं काम शिकला. "पोरं पोरं मला शिकवायची," तो हसत सांगतो, "आन् मी त्यांस्नी सर म्हणायचो."

पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा उभा राहिला, एका बाजूनं बोर्ड लागले. आत्ती पलंगावरून बघत होत्या.

"पावणं, भिंत म्हणायची का पुठ्ठा? म्हशीनं अंग घासलं तर ऱ्हाईल काय?"

"आज्जी, म्हस दुसऱ्या मजल्यावर चढून आली, तर भिंतीकडं बघायला वेळ कुणाला हाय?"

आत्तींनी तोंड फिरवलं, पण हसू लपलं नाही.

दुसरी बाजू बंद करण्याआधी केरबा घरातल्यांना गोळा करतो. "काय कुठं टांगणार ते आत्ताच सांगा. मागं लाकूड बसवतो. लाकूड असंल तितं हत्ती टांगा." आत्तींचा तेव्हा डोळा लागला होता. मी उभी राहिले, हात जोडले आणि म्हटलं, देव्हारा इथं, माझ्या छातीच्या उंचीला. तिथं त्यानं लाकूड बसवलं.

मग कानावरची पेन्सिल काढून तो आधी लावलेल्या बोर्डाच्या आतल्या अंगाला, देव्हाऱ्याच्या जागेच्या खाली, लिहायला लागला. 'श्री जोतिबा प्रसन्न.' ही त्याची रीतच. भिंतीच्या पोटात देवाचं नाव आणि घरच्या माणसांची नावं लिहायची, मगच भिंत बंद करायची.

"घरातली माणसं सांगा, वैनी."

ह्यांचं सांगितलं, माझं सांगितलं, आमच्या मुलाचं, पृथ्वीराजचं सांगितलं. आणि थांबले. आत्तींचं नाव घातलं आणि त्या म्हणाल्या, मी ऱ्हाते म्हणून तुला कुणी सांगितलं, तर?

"एवढीच?" केरबानं विचारलं.

"एवढीच."

त्यानं बोर्ड बसवला. सांध्यांवर टेप लागली, पुट्टी फिरली. देव्हाऱ्याचे हूक बसल्यावर केरबा दोन्ही हातांनी त्यांना लोंबकळला आणि पाय वर उचलले. भिंत हलली नाही. मग आम्ही देव्हारा लावला, देव मांडले.

आत्ती आपली खुर्ची घेऊन आल्या. त्यांना खाली बसता येत नाही, फार वेळ उभंही राहता येत नाही. खुर्चीत बसून त्यांनी फूल उचललं, हात वर केला. हात देव्हाऱ्याच्या कडेलाच थांबला. देव वरच राहिले.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी माझी उंची मोजली होती. आत्तींना विचारलंच नव्हतं.

"उंच खुर्ची आणतो," हे म्हणाले.

"आन् तिच्यावर चढाय शिडी?" आत्ती म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "ऱ्हाऊ दे. तुम्ही तुमच्या परीनं केलासा. मी सोमवारी जाणार."

केरबानं चहाचा कप खाली ठेवला. "चूक माझी हाय. देव कुठं ते इचारलं, हात कुणाचा ते न्हाय इचारलं. आज्जी, फूल वाहा बघू, नुसतं हवेत."

आत्तींनी संशयानं हात पुढं केला. जिथं तळवा थांबला तिथं त्यानं पेन्सिलीनं खूण केली. देव्हारा उतरवला, करवत घेतली आणि लाकूड खाली बसवायला सकाळीच गुळगुळीत केलेली भिंत कापली.

आत्ती वाकून बघायला लागल्या. "आत काय लिवलंय?"

आत्ती चौथी शिकलेल्या. बोट फिरवत त्यांनी जोतिबाचं नाव वाचलं, हात जोडले, मग आमची तिघांची नावं वाचली. बोट तिथंच राहिलं.

"माझं?"

मी तोंड उघडणार, तोवर केरबाच म्हणाला, "तुमचं लिवायचं ऱ्हायलं, म्हणूनच की भिंत उघडाय लागली." आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

"आत्ती," मी म्हटलं, "न विचारता लिहिलं तर तुम्ही रागवाल असं वाटलं."

"रागवीन की! रागवून बी हितंच बसंन."

एकेक अक्षर कोरल्यासारखं त्यांनी लिहिलं, 'धोंडुबाई'. ओळ वर चढत गेली होती, पृथ्वीराजच्या नावाला जाऊन टेकली.

केरबानं खाली लाकूड ठोकलं आणि भिंत दुसऱ्यांदा बंद केली. दुसऱ्या दिवशी पुट्टी वाळल्यावर आत्तींनी खुर्चीत बसून देवाच्या डोक्यावर फूल ठेवलं, दिवा लावला. "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" केरबाचा आवाज सगळ्यात मोठा.

"पावणं, जेवल्याबगर जायचं न्हाय," आत्तींनी त्याला बजावलं. मग फोन मागून घेतला आणि नेसरीला शेजारच्या तानाबाईंना लावला.

"तानाबाई, माझी पेटी धाडून दे, लुगड्यांची. व्हय, हितंच ऱ्हाणार आता. म्हस तेवढी तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे बाई. हितली भिंत पुठ्ठ्याची हाय!"