मार्ताच्या चित्रातली म्हातारी

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. बौद्ध घरात वाढले, त्यात केमिस्ट. कुणी भुताटकीचं सांगू लागलं की चेष्टा करणारी मीच पहिली! तरीही हे लिहितेय...

इथे जर्मनीत, लुडविग्सहाफेनला, आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर मार्ताचं अटेलिए आहे, म्हणजे चित्रं काढायची खोली. ती मूळची ग्वाटेमालाची, माया वंशाची. बाबा गेल्यावर मी आईला यवतमाळहून इकडे आणलं होतं, पण तिचं अन्नावरचं मनच उडालेलं. घासभर खाऊन ताट सारायची. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर क्रांकेनहाउसमध्ये, म्हणजे हॉस्पिटलात, ठेवावं लागेल. मी पार हवालदिल झाले.

एका दुपारी, तेवढाच बदल म्हणून, तिला मार्ताकडे नेलं. समोर भिंतभर चित्र — पाट्यासारख्या दगडावर मका दळणारी म्हातारी, आणि त्या पिठातून उठून बसणारी माणसं!

"आमच्याकडे माणूस मक्यापासून झाला," मार्ता म्हणाली. "या पहिल्या आजीनं दळलं, म्हणून आपण आहोत. हात मात्र माझ्या आजीचे काढलेत."

काय हात होते ते! फुगलेल्या शिरा, झिजलेली नखं... बघतच राहावं असे.

मी आईला सगळं मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "म्हातारी एकटीच दळून राहिली? जात्यापुढं दुसरी बाई पाहिजे ना!" आणि खुर्ची ओढून चित्रासमोर बसली. आम्ही दोघी कॉफी करायला आत गेलो.

परत आलो तर आई तळहात झटकत होती. दोन्ही हातांना पिवळं पीठ!

"भूक लागली वं पोरी," ती म्हणाली. "भाकर टाक."

मी मार्ताकडे बघितलं. "रंग लागला असेल ना?"

"नाइन, नाही! चित्र कधीच वाळलंय. आणि पीठ इथे कुठून येणार?"

आई पोटभर जेवली त्या दिवशी. मी रडले... पण शेवटी केमिस्टच ना! रुमालावर थोडं पुसून घेतलं होतं, ते लॅबमध्ये नेऊन आयोडीनचा थेंब टाकला. निळंकाळं झालं. म्हणजे स्टार्च, पीठच.

आई आता यवतमाळला परतलीय, व्यवस्थित जेवते. परवा फोनवर म्हणाली, "त्या म्हातारीपुढं बसतं का वं कधी?"

बसते. हाताला मात्र अजून काही लागलेलं नाही.