कोमट पाणी, मऊ फडकं

लाकूड आणि काचेसारखं रेझिन जोडून केलेल्या, वाढायच्या बोर्डाची निगा कशी राखायची, हे ताईइतकं कडक शब्दांत कुणी सांगत नसे. "शेगडीवरची कढई उचलून थेट यावर ठेवाल तर पांढरा डाग पडेल, मग माझ्याकडे रडत येऊ नका. यावर वाढायचं, चिरायचं नाही. भिजत घालायचा नाही, तारेच्या घासणीनं घासायचा नाही. कोमट पाणी, मऊ फडकं, की लगेच कोरडा. लाकडाला अधूनमधून तेल. उन्हात ठेवलात तर पिवळा पडेल."

"बोर्ड घेतोय की जावई करून घेतोय?" एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं.

"जावई परवडला. तो निदान रुसल्याचं बोलून दाखवतो."

बोर्डांचे असे लाड करणाऱ्या या बाईनं स्वतःच्या हातांची मात्र कधी पर्वा केली नाही. पातळ रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर कालवायचं, दोन फळ्यांच्या मधे निळंशार ओतायचं, आणि ते घट्ट झालं की नाही हे उघड्या बोटानं चाचपायचं, ही तिची रीत. हातमोजे आणलेच नाहीत. "मोजा घातला की बोट आंधळं होतं," म्हणायची. मोठी ऐट होती तिला त्या बोटाची.

मग बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. खाजेचे फोड झाले, फोडांच्या भेगा. एका सकाळी डोळे उघडेनात, इतकं तोंड सुजलं. डॉक्टर म्हणाले, "शरीरानं आता या पातळ रेझिनशी वैर धरलंय. ते जन्मात सुटायचं नाही. त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

ताईला ना नवरा ना मूल. होतं ते हे वर्कशॉप आणि माल बांधायला येणारी धाकटी बहीण. वर्कशॉप धाकटीकडे गेलं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! पण नागोबा हुशार निघाला. पहिल्याच दिवशी तोंडाला मास्क, हातात कोपरापर्यंत मोजे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. ठेच कुणाला लागली ते मागच्यानं विचारायचं नसतं.

"मला पुढं दुकानात तरी बसू दे गं," ताई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाकडे काही मागत होती. घरात भिंतींकडे बघत बसायची तिला भीती वाटत होती.

"बस. पण हात खाली ठेव."

दुकान आणि आतली खोली यांच्यामधे काचेचं बंद दार होतं. ताई गल्ल्यामागे बसून तोंडानं निगा शिकवू लागली. पण बोलण्याच्या भरात हात वर यायचेच. एका बाईनं ते पाहिले आणि तिच्या हातातला रेझिनचा ट्रे तिथंच थांबला.

"अगंबाई, हे कशानं झालं?"

भांडी घासून, म्हटलं असतं तर भागलं असतं. ताईला खोटं सुचलंच नाही. "या रेझिननंच. ओलं असताना चावतं. पूर्ण घट्ट झालं की काही करत नाही. तुम्ही खुशाल वापरा."

बाईनं ट्रे हळूच जागेवर ठेवला. "बघते, नंतर येते," म्हणाली आणि गेली.

धाकटी दाराच्या अलीकडे येऊन ऐकत होती. "एवढं खरं बोलायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"तिनं विचारलं."

"मग उद्यापासून घरीच बस."

सकाळी मात्र ताई दुकान उघडायच्या आधी पायरीवर येऊन उभी राहिली. धाकटीनं तिच्याकडे पाहिलं, आत गेली आणि पांढऱ्या हातमोज्यांची कोरी जोडी घेऊन आली. "हे घालणार असशील तर बस. आणि कुणी विचारलं, तर थंडी वाजते म्हणायचं."

ताईनं ते भेगांवरून ओढून चढवले. आत घाम आला, आग आग झाली. पहिलं गिऱ्हाईक आलं. ते काही विचारायच्या आतच ती हसून म्हणाली, "थंडी वाजते हो मला फार."