झाकणावरचं नाव

विद्यापीठातल्या आमच्या लॅबमध्ये झाकणाच्या छोट्या डिशांत कर्करोगाच्या पेशी वाढवतात, आणि त्यांना रोज ओरडणारी बाई एकच. माझी मैत्रीणच ती, पण सगळे तिला हेडबाई म्हणतात.

"मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीतली चूल," ती नव्या माणसाला सांगते. "या कार्ट्यांना आयतं ग्लुकोज मिळालं की चूल मंद ठेवून वरवर भागवतात. ग्लुकोज बंद केलं की मुकाट्याने पेटवतात."

आम्हाला तिचा धडा वेगळा. "नाव डिशवर लिहा, झाकणावर नाही!"

परवा एका डिशला ग्लुकोज दिलं होतं, दुसरीला नाही. यंत्राने दोन्हींतल्या पेशींचा श्वास, म्हणजे चूल किती पेटलीय ते मोजलं, तर आकडे उलटेच. ग्लुकोजवाल्या मरमर राबत होत्या आणि बिनग्लुकोजवाल्या सुस्त. सरांना तर नवा शोधच दिसायला लागला. हेडबाईने सुस्त डिश हातात घेऊन तिला फैलावर घेतलं.

"उपाशी ठेवलं तरी आळस? लाज नाही वाटत?"

आणि तिने डिश उजेडाकडे धरली. डिशमधलं गुलाबी पाणी पिवळं पडलं होतं. ग्लुकोज चापून पेशींनी आंबट टाकल्याशिवाय ते इतकं पिवळं पडत नाही. नावं झाकणांवर होती, अक्षर तिचंच होतं, आणि आदल्या दिवशी पेशींचा खाऊ, म्हणजे ते पाणी, बदलताना झाकणांची अदलाबदल झाली होती.

आम्ही जीव मुठीत धरून उभे. तीच खो खो हसत सुटली, मग सरही.

डोळे पुसून ती डिशकडे वाकली. "चुकले ग बायांनो."

मग आमच्याकडे वळली. "हे फक्त त्यांना सांगितलंय!"