अर्धी भरलेली घागर

हुमनाबादला आमच्या आडावर शेजारची अक्का घागर भरून थांबायची आणि म्हणायची, “पोरी, जरा हात लाव की.” मी सोळा वर्षांची, तोंडापेक्षा नथ मोठी, तिला आळशी ठरवून मोकळी! वजन उचललं की तिचं अंग बाहेर यायचं, हे मागाहून कळलं.

गुलबर्ग्याच्या डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवी काढायला सांगितली. नवरा कागदावर अंगठा देईना. तिनं स्वतःचाच उठवला.

बरी होऊन ती माझ्या हळदीकुंकवाला आली. ओटी भरता भरता मी तिच्यापुढं थबकले. “अक्का, तुझी कशी भरू? पिशवीच न्हाई आता.”

“पदर हाय न्हवं?” म्हणत तिनं तो पसरला.

मी शहाणी, तांदूळ घेऊन पुढच्या बाईकडं सरकले.

तेव्हापासून ती घागर अर्धीच भरायची. हात लाव, असं मला पुन्हा कधी म्हणाली नाही.