खंडेनवमीला पुसलेली मोटार

मुलांनो,

तुमच्यातल्या धाकट्यानं गेल्या आठवड्यात फोटो पाठवला. कुठल्याशा गॅरेजात सडत पडलेली जुनी स्पोर्ट्स कार त्यानं विकत घेतली आहे आणि ती सुटी करून पुन्हा उभी करायचं ठरवलं आहे. "आजी, हे वेड माझ्यात आलं कुठून?" असं तो विचारतो. उत्तर मला माहीत आहे. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, म्हणून आता लिहिते.

तुमचे आजोबा तेव्हा उस्मानाबादच्या कोर्टात वकिली करत. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. जिल्ह्यातल्याच वाशीकडच्या एका जुन्या जहागीरदारांच्या कामासाठी ते गेले आणि तिथं शेडमध्ये, कडब्याच्या पेंढ्यांखाली, त्यांना ती दिसली. विलायती, दोनच माणसांची, वरून उघडी मोटार. सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती.

जहागीरदार सत्तरीचे होते. मोटार त्यांनी जवळजवळ फुकटच दिली, पण एक अट घातली. "वकीलसाब, चालू हुई तो एक बार हमारे दरवाजे पो लाना. उसकी आवाज सुननी है, बस."

आजोबांनी शब्द दिला.

बैलजोडीनं ओढत ती आमच्या दारात आणली, तेव्हा मी म्हणाले, "अहो, मोटारीला बैल लागतात हे मला ठाऊक नव्हतं."

"आज बैल ओढतायत. चालू होऊ दे, मग बैलांनाच मागं बांधून आणतो!"

दर रविवारी ते परसातल्या पत्र्याच्या खोलीत बसत. विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करणारे एक मिस्त्री मदतीला येत. निघालेला प्रत्येक भाग आजोबा गोणपाटावर ओळीनं मांडत. पहिला निघालेला भिंतीशी, शेवटचा दाराशी. जोडताना दारापासून सुरुवात करून भिंतीकडं जायचं. मी एकदा म्हटलं, "वहीत लिहून ठेवा ना."

"अगं, वही कशाला? जमिनीवरच लिहिलंय सगळं."

मी ऐकलं आणि विसरले. मला तिथं फक्त पसारा दिसत होता.

नवरात्रात ते टायरच्या चौकशीला दोन दिवस सोलापूरला गेले. आमच्या घरी खंडेनवमीला विळी-अडकित्त्यापासून कायद्याच्या पुस्तकांपर्यंत सगळं पुसून पुजायची रीत होती. मोटारीचीही पूजा व्हावी, आणि ते परत आल्यावर त्यांना आनंद व्हावा, असं माझ्या मनात आलं. मी सगळे भाग रॉकेलनं धुतले. नट एका डब्यात, स्क्रू दुसऱ्यात, वॉशर तिसऱ्यात, सगळे लहान-मोठे वेगळे केले. मिशन शाळेत शिकलेल्या वळणदार अक्षरांत इंग्रजी चिठ्ठ्या चिकटवल्या. इंजिनातले व्हॉल्व्ह उंचीनं लावून त्यांना हळद-कुंकू वाहिलं आणि मोटारीला झेंडूचा हार घातला. गोणपाट झटकून घडी करून ठेवलं.

आजोबा आले आणि दारातच थांबले. घडी केलेल्या गोणपाटाकडं पाहत म्हणाले, "हार छान झालाय."

खरं काय ते बोलले मिस्त्री. "वहिनीसाहेब, लई साफ काम केलंत. आता कोण कुणाशेजारी बसत हुतं, ते देवीलाच इचारावं लागंल." ते हसले, पण आजोबा हसले नाहीत. मग मिस्त्रींनी मला समजावलं. व्हॉल्व्ह दिसायला सारखे असले तरी वापरानं ज्याची त्याची बैठक वेगळी घासलेली असते. वॉशरांची जाडीही तशीच, जागेजागेची.

दोन वर्षं दोघांनी खटपट केली. इंजिन जोडलं, काढलं, पुन्हा जोडलं. ते एकदाच चालू झालं, खणखणलं आणि कायमचं जाम झालं. त्यानंतर आजोबांनी ते उतरवून ठेवलं आणि त्या खोलीला कुलूप लावलं. वाशीकडचं काम आलं की ते दुसऱ्या वकिलांकडं पाठवत.

शेवटी जहागीरदार स्वतःच आले. मुलाकडं हैदराबादला कायमचे निघाले होते. "अपनी बेगम कैसी है, वकीलसाब?" त्यांनी मोटारीबद्दल विचारलं.

"विलायतेहून एक सामान यायचंय," आजोबा म्हणाले. "आलं की चालू होईल, मग पत्रानं कळवतो."

मी चहाचा ट्रे धरून उभी होते. आजोबांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आजोबांनी कुलूप काढल्यावर जहागीरदार काठी टेकत खोलीत गेले, बिनइंजिनाच्या मोटारीत बसले आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून म्हणाले, "हम खत का इंतजार करेंगे."

त्यांना खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी फक्त चहा दिला. पत्र कधी गेलं नाही, आणि आजोबांनीही ती गोष्ट घरात कधी काढली नाही. त्या दोघांचीही माफी मागायचं माझं राहून गेलं.

मोटार पुढं भंगारात गेली. तिची पुढची काच तेवढी चौकटीसकट माझ्याकडं आहे. डाव्या कोपऱ्यात तडा आहे, बाकी शाबूत आहे.