मावशीच्या हॉटेलाचा अर्ज

आमच्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. दर दोन-तीन महिन्यांनी त्यावर कुणीतरी हिंगोलीतल्या बंद पडलेल्या हॉटेलांचा विषय काढतं. मग दिवसभर तेच चालतं. कुणाला एखाद्या हॉटेलातली भजी आठवतात, कुणाला कढईतल्या दुधावरची साय, कुणी म्हणतं तसा चहा आता पुण्यातसुद्धा मिळत नाही. शेवटी कुणीतरी मावशीच्या हॉटेलाचं नाव घेतं आणि त्याखाली जोडलेल्या हातांच्या आणि रडक्या चेहऱ्यांच्या रांगा लागतात. पूर्वी मीही त्यात असायचो. गेल्या वर्षापासून मला त्या रांगा बघवत नाहीत. मावशी जिवंत आहे. तिचं हॉटेल आपोआप बंद पडलेलं नाही, ते पाडलं आहे, आणि त्या जागेच्या बदल्यात तिला मिळायचा गाळा अजून मिळालेला नाही. गटावरच्या सगळ्यांना हे माहीत आहे. त्यातला काही दोष माझा आहे, तो त्यांना माहीत नाही.

हॉटेल म्हणजे बसस्थानकाच्या भिंतीला लागून पत्र्याचं शेड, चार बाकडी, एक चूल आणि डब्यांसाठी एक लांब फळी. नावाची पाटी नव्हती. मी साखऱ्याहून शिकायला आलो तेव्हा आम्ही चौघांनी मिळून खोली केली होती. स्वयंपाक येत नव्हता आणि मेस परवडत नव्हती. आई पहाटे उठून भाकरी थापायची, फडक्यात बांधून डब्यात घालायची आणि वडील तो डबा पहिल्या एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायचे. हिंगोलीत गाडी लागली की कंडक्टर सगळे डबे मावशीच्या फळीवर ठेवून जायचा. सेनगावकडचे, औंढ्याकडचे, कळमनुरीकडचे, सगळे डबे तिथेच उतरायचे. दुपारी कॉलेज सुटलं की आपापला डबा ओळखून घ्यायचा. माझ्या डब्याच्या कडीला आईने लाल दोरा बांधला होता.

मावशीचा नियम एकच होता. भाकर तुमची, कालवण माझं. कालवणाचे पैसे द्यायचे. बसायला, पाण्याला, भाकर गरम करून घ्यायला काही नाही. गावातल्या दुसऱ्या हॉटेलात घरची भाकर सोडली तर मालक बाकावरून उठवायचा. आता तर बाहेरचे पदार्थ आणू नयेत अशी छापील पाटीच असते.

सकाळच्या भाकरी दुपारपर्यंत कडक व्हायच्या. मावशी सगळ्यांच्या भाकरी एकाच तव्यावर टाकायची आणि वाढताना कुणाची कुठली ते बघायची नाही. मी बौद्ध वस्तीतला. आमच्या घरची भाकर गावात दुसऱ्या कुणी खाल्लेली मी पाहिली नव्हती. एके दिवशी माझ्या आईच्या हातची भाकर समोर बसलेल्या, चांगल्या जमीनदाराच्या पोराच्या ताटात गेली. माझ्या डब्यातून ती निघताना त्याने पाहिली होती. त्याचा हात थांबला. मी खाली बघत होतो. मावशी कालवण वाढता वाढता म्हणाली, "काहून थांबला रे? भाकर हाय ती, सोयरीक न्हाई."

सगळं बाकडं हसलं. तोही हसला आणि खायला लागला. त्यानंतर मी त्या बाकावर कधी अंग चोरून बसलो नाही. मी पदवीधर झालो, शिक्षक झालो, आमच्या घरातला पहिला. त्या पदवीत आईच्या पहाटेचा जेवढा वाटा आहे तेवढाच त्या तव्याचा आहे असं मी आजही मानतो. आणि याच मानण्यामुळे पुढचा घोटाळा झाला.

रस्ता रुंद करायचा ठरला तेव्हा भिंतीला लागून असलेली सगळी शेडं एका सकाळी काढली गेली. मागे नवं संकुल बांधलं. तिथे आधी ज्यांचा धंदा होता त्यांना गाळे देणार, पण ज्याने त्याने अर्ज करून आपला धंदा होता हे दाखवायचं, असं सांगितलं गेलं. मावशी तेव्हा लेकीकडे शिरड शहापूरला राहायला गेली होती. तिने मला फोन करून बोलावलं. तिच्याकडे विजेची जुनी बिलं होती आणि जागेच्या काही पावत्या होत्या. ती म्हणाली, तू शिकलेला हायस, तूच लिही, चांगलं लिही.

मी चांगलं लिहिलं. तीन संध्याकाळी बसून चार पानं लिहिली. माझ्या गावाकडे अर्ज लिहायचा म्हटलं की लोक माझ्याकडे येतात आणि माझ्या अक्षराचं कौतुक करतात, त्यामुळे मला थोडी घमेंडही होती. मी लिहिलं की सदर महिलेने गोरगरीब विद्यार्थ्यांना घरची भाकर घेऊन बसू दिलं, जागेचं भाडं कधी मागितलं नाही, भाकरी विनामूल्य गरम करून दिल्या, जातपात पाहिली नाही, आईची माया दिली. मी तिला वाचून दाखवलं. ती तूर निवडत बसली होती. लई लांब झालं, एवढंच म्हणाली आणि सही केली.

दोन महिन्यांनी अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं. मी तावातावाने त्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, फाइल मागवली आणि माझीच चार पानं माझ्यापुढे ठेवली. काही वाक्यांखाली पेन्सिलीने रेघा मारलेल्या होत्या.

"सर, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

मी हो म्हणालो.

"जेवण मुलं घरून आणायची. बसायचे पैसे नाहीत, गरम करायचे पैसे नाहीत. मग यात धंदा कुठला? फार मोठं काम आहे बाईंचं, मी स्वतः नमस्कार करतो. पण ही समाजसेवा झाली. समाजसेवेला गाळा नाही."

मी म्हणालो, कालवण विकायची ती. साहेबांनी पानं उलटून पाहिली आणि कालवण विकल्याचं कुठे लिहिलंय ते मला दाखवायला सांगितलं. चार पानांत ते कुठेच नव्हतं. मला ते लिहिण्यासारखं वाटलंच नव्हतं. विजेची बिलं आणि जागेच्या पावत्या जोडल्या आहेत, त्या बघा, असं मी म्हणालो, तर ते म्हणाले, दिवा तर घरातही लागतो आणि पावती जागेची आहे, धंद्याची नाही. एका बाईने उभं आयुष्य चुलीच्या धगीत काढलं आणि या माणसाला तिला नमस्कार करणं सोपं वाटत होतं, तिचा हक्क देणं अवघड. मावशीच्या जागेच्या मागे जो गाळा निघाला त्यात आज मोबाइलची कव्हरं लटकलेली असतात. त्या दुकानदाराला मी त्या भिंतीजवळ कधी पाहिलेलं नाही. त्याचा अर्ज बहुतेक अर्ध्या पानाचा असेल.

शिरड शहापूरला जाऊन मावशीला सांगणं भाग होतं. मी सगळं सांगितलं, साहेबांच्या रेघांसकट. तिने ऐकून घेतलं. मला वाटलं ती रडेल. ती माझ्यावर उखडली.

"अर्ज लिहिला व्हतास का हार घातला व्हतास मला?" ती म्हणाली. "हार फोटोला घालतेत. मी अजून भाकरी थापून राहिले."

मी म्हणालो, "मावशी, मी तुमचे उपकारच लिहिले."

"उपकार कोणी केला? तुमच्या भाकरी घेतल्या म्हणून माझं पीठ वाचलं, दळण वाचलं, थापायची तकलीफ वाचली. म्हणून चार बाकड्यांवर एवढी पोरं बसवली मी. धंदा केला बाबा, बराबर धंदा केला. दोन लेकींची लग्नं काय पुण्यावर झाली?"

तिची लेक आतून म्हणाली, सर आहेत ते, जरा दमानं बोल. सर हाय म्हणूनच बोलून राहिले, असं म्हणून मावशीने मला चहा दिला.

परतीच्या गाडीत मला स्वतःची जितकी चीड आली तितकी आयुष्यात कधी आली नसेल. वीस-बावीस वर्षं मी ज्याला माया म्हणत होतो तो तिचा हिशेबी, हुशार बेत होता. एकट्या बाईने, मदतीला कुणी नसताना, असा धंदा उभा केला की आमच्यासारख्यांना तो परवडला आणि तिलाही. त्यात माया नव्हती असं मी म्हणत नाही. पण मी तिची अक्कल काढून घेतली आणि फक्त माया ठेवली. अडाणी बाई म्हटली की आपल्याला ती मायाळूच दिसते. हे साहेबांनी केलं नाही, मी केलं.

अपील करायचं तर मावशीकडे पैसे देऊन जेवलेल्या लोकांचे जबाब लागतील असं कळलं. मी गटावर लिहिलं. सविस्तर लिहिलं, नमुना टाकला, सही करून फोटो पाठवा म्हणालो. त्याखाली किती हात जोडले गेले ते मी मोजलं नाही. जबाब चार आले. ज्याच्या ताटात माझी भाकर गेली होती तो आमचा मित्र आज सरकारी नोकरीत वरच्या हुद्द्यावर आहे आणि मावशीवर सगळ्यात लांब लिहिणारा तोच. त्याला मी फोन केला. तो म्हणाला, सहीचं राहू दे, उद्या काही विचारणा झाली तर मी नोकरीतला माणूस. त्यापेक्षा या वेळच्या स्नेहमेळाव्यात मावशीचा जंगी सत्कार करू, शाल मी आणतो, भाषण तू कर. मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मावशीला सत्काराचं विचारलं तर ती म्हणाली, शाल घेऊन काय करू, उन्हाळा हाय.

भाषण मी केलं नाही. मेळाव्याला मात्र गेलो, नमुन्याच्या प्रती घेऊन गेलो आणि जेवणाच्या रांगेत उभ्या असलेल्या एकेकाच्या पुढे कागद धरला. काही जण चिडले, आजच्या दिवशी हे कशाला, म्हणाले. सात जणांनी सही केली. मित्राने केली नाही. अजून त्याच्याशी माझं बोलणं नाही.

माझा स्वतःचा जबाब लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तीन कागद फाडले. शेवटी लिहिलं: सदर ठिकाणी हॉटेल चालत होते. मी तेथे तीन वर्षे कालवण विकत घेऊन जेवलो आहे. त्यात तवा नाही, आई नाही, सोयरीक नाही. ज्या गोष्टीमुळे मी माणसांत बसायला शिकलो ती गोष्ट लिहिली तर मावशीचं नुकसान होतं, म्हणून ती गाळावी लागली. जगात असंही कार्यालय असतं जिथे चांगुलपणा लपवून ठेवला तरच हक्क मिळतो, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना कसं शिकवू? फोनवर तो जबाब वाचून दाखवला तेव्हा मावशी म्हणाली, "आता कसं, आता हॉटेल दिसून राहिलं."

अपील दाखल होऊन सहा महिने झाले. दर पंधरा दिवसांनी मी चौकशीला जातो. फाइल वर आहे, असं सांगतात. संकुलात मागच्या बाजूचे दोन गाळे अजून कुलूपबंद आहेत. परवा मावशीचा फोन आला. निकालाचं तिने विचारलं नाही. त्या गाळ्यांजवळ पाण्याचा नळ आहे का ते बघून ये, म्हणाली. मी शाळा सुटल्यावर जाऊन बघितलं. नळ जिन्याखाली आहे, पाणी एक दिवसाआड येतं. तसं तिला कळवलं. मग दोन ड्रम लागतील, असं ती म्हणाली.